माया लोक गायब झाले नाहीत, ते आजही वावरात आहेत

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत मध्य अमेरिकेतल्या माया संस्कृतीवर पूर्ण पानभर लेख आला होता. 'एका रात्रीत गायब झालेली गूढ माणसं' असं मोठं हेडिंग, खाली पिरॅमिड आणि त्या पिरॅमिडवर चक्क उडती तबकडी. आत लिहिलं होतं की हे लोक कुठून आले आणि कुठे गेले कोणालाच ठाऊक नाही, एवढं गणित आणि एवढं बांधकाम त्यांना परग्रहावरच्यांनीच शिकवलं असावं, नाहीतर मग आपल्या महाभारतातला मयासुर तिकडे गेला असावा. मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात राहते, कपाशी-तुरीचं वावर आहे आणि संध्याकाळी गावच्या वाचनालयात बसते. तुमचा पेपर आमच्याकडे सगळ्यात जास्त वाचला जातो म्हणूनच हे लिहून राहिले. हायस्कूलचे पोट्टेपोट्टी तो लेख वाचून गेले आणि दुसऱ्या दिवशी एकमेकांना तेच सांगत होते की माया लोक यूएफओत बसून गेले. लेकरांचा काय दोष, छापून आलं म्हणजे खरंच असणार असं आपणच त्यांना शिकवलेलं आहे.

तर सगळ्यात आधी हे, की माया लोक गायब झालेच नाहीत. ग्वाटेमाला, मेक्सिकोचा दक्षिण भाग, बेलीझ, होंडुरास इथं आज साठ लाखांच्या वर माया माणसं राहतात, किचे, केकची, माम, युकातेक अशा तीसेक भाषा त्यांच्या घराघरात बोलल्या जातात. रिगोबेर्ता मेंचू नावाच्या बाईंना १९९२ साली शांततेचं नोबेल मिळालं, त्या किचे माया, लहानपणी घरच्यांसोबत कॉफीच्या मळ्यात मजुरीला जायच्या. ग्वाटेमालात १९६० ते १९९६ असं छत्तीस वर्षं यादवी युद्ध चाललं, दोन लाखांवर माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली, आणि १९९९ साली संयुक्त राष्ट्रांच्या मदतीनं नेमलेल्या आयोगानं सांगितलं की ज्यांची ओळख पटली त्या बळींपैकी ८३ टक्के माया होते. आता सांगा साहेब, ज्यांची गावंच्या गावं आपल्या डोळ्यादेखत जाळली गेली, ज्यांच्या बाया अजून हरवलेल्या लेकरांची हाडं शोधून राहिल्या, त्यांच्याबद्दल आपण इथं बसून 'हजार वर्षांपूर्वी गायब झाले' असं छापतो. मला हे वाचून वाईट वाटलं, खरंच वाईट वाटलं.

मग संपलं काय होतं? तर दक्षिणेकडच्या सखल जंगलातली राजांची शहरं ओस पडली, इसवी सनाच्या नवव्या शतकात. आणि तेही एका रात्रीत नाही. हे राजे दगडी खांबावर तारखा कोरून ठेवायचे, त्यामुळे कोणत्या शहरात शेवटची तारीख कधीची हे आज आपल्याला माहीत आहे. कोपानची शेवटची ८२२, टिकालची ८६९, तोनिनाची ९०९. म्हणजे जवळपास शंभर वर्षं हे चालू होतं, आजा ते पणतू. त्याच काळात उत्तरेला उश्माल आणि चिचेन इत्झा भरभराटीला आली, नंतर मायापान आलं ते १४५० च्या आसपासपर्यंत टिकलं. आणि शेवटचं स्वतंत्र माया राज्य, पेतेन इत्झा तळ्यातल्या बेटावरचं नोहपेतेन, ते स्पॅनिश लोकांच्या हाती पडलं मार्च १६९७ मधे. त्या वेळी इकडे राजाराम महाराज जिंजीच्या किल्ल्यात मोगलांच्या वेढ्यात होते. इतकं अलीकडचं हे सगळं आहे.

आता ओस का पडली, इथं मला जास्त बोलायचं आहे, कारण हा भाग आपल्या विदर्भातल्या माणसाला जितका समजेल तितका मोठ्या शहरातल्या माणसाला समजणार नाही असं मला वाटते. ग्वाटेमालातल्या टिकालचंच घ्या. हजारो माणसांचं शहर, जवळ नदी नाही, खाली चुनखडीचा दगड, पाणी पडलं की भेगांतून खोल निघून जाते, विहीर खणून हाती लागत नाही. वर्षातले काही महिने धो धो पाऊस आणि मग चार-पाच महिने थेंब नाही. तरी तिथं माणूस हजार वर्षांच्या वर राहिला. कसा राहिला? तर शहरात जी मोठमोठी पटांगणं होती, मंदिरासमोरची, वाड्यासमोरची, ती चुन्याचा गिलावा देऊन गुळगुळीत केलेली आणि हलका उतार ठेवलेली होती. पाऊस पडला की सगळं शहरच पाणी गोळा करायचं आणि ते खालच्या तलावात सोडायचं. तलाव तरी कुठले, तर बांधकामाला दगड काढून काढून ज्या खदानी झाल्या त्यांनाच बांध घालून. वाड्याजवळच्या तलावाचा बांध ८० मीटर लांब आणि १० मीटर उंच, त्यात साडेसात कोटी लिटरच्या आसपास पाणी मावायचं, हे २०१२ साली प्रसिद्ध झालेलं संशोधन आहे. ना लोखंड, ना बैल, ना गाडी. गारगोटीच्या आणि ज्वालामुखीच्या काचेच्या हत्यारांनी दगड फोडायचा आणि डोक्यावर, पाठीवर वाहायचा. हे ज्यानं केलं तो माणूस मला तबकडीतल्या पाहुण्यापेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

आणि नुसतं साठवणं नाही. त्याच टिकालच्या एका दुसऱ्या तलावात शास्त्रज्ञांना गारगोटीची बारीक रेती आणि झिओलाइट नावाचं खनिज सापडलं, हे २०२० साली छापून आलं. झिओलाइट त्या जागेवर आपोआप होत नाही, ते सुमारे ३० किलोमीटर दूरून आणून पाण्याच्या तोंडाशी टाकलेलं होतं, पाणी गाळायला. आजही पाणी शुद्ध करायला हे खनिज वापरतात. आमच्या जिल्ह्यात फ्लोराइडचं पाणी पिऊन हाडं वाकडी झालेली माणसं आहेत साहेब, तुमच्याच पेपरात त्यांचे फोटो येऊन गेले. दोन हजार वर्षांपूर्वी कोणाला तरी कळलं होतं की अमुक रेतीतून आलेलं पाणी चांगलं राहते आणि त्यानं ती वाहून आणायचं मनावर घेतलं, ही बातमी आमच्या गावाला तबकडीपेक्षा जास्त कामाची आहे की नाही?

उत्तरेला पुऊक टेकड्यांचा भाग आहे, तिथं तर तळंही नाही. तिथल्या लोकांनी घरोघरी जमिनीत चुल्तुन खणले. आपल्याकडे ज्वारी साठवायचं पेव असायचं नं, वर तोंड अरुंद आणि आत पोट मोठं, तसंच, फक्त आतून चुना लावलेला आणि धान्याच्या जागी पाणी. तोंडाभोवती गोल उतरता ओटा, त्यावर पडलेला पाऊस आत. याच भागातल्या उश्माल, काबाह इथल्या इमारती पाहिल्या, फोटोत का होईना, तर कोपऱ्याकोपऱ्याला लांब वाकड्या नाकाचे मुखवटे दिसतात. तो चाक नावाचा त्यांचा पावसाचा देव. एका भिंतीवर शेकड्यांनी तोच. मिरगाची वाट पाहणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही.

मग एवढं करूनही शहरं गेली. मेक्सिकोच्या युकातान भागात चिचांकानाब नावाचं तळं आहे, त्याच्या तळाचा गाळ काढून १९९५ साली शास्त्रज्ञांनी दाखवलं की नवव्या शतकाच्या आसपास तिथं मोठे दुष्काळ पडले. तळ्याचं पाणी आटत गेलं की त्यात विरघळलेला जिप्सम खाली बसतो, म्हणजे गाळात जिप्समचा थर दिसला की समजायचं इथं पाणी आटलं होतं. २०१८ साली त्याच जिप्सममधे अडकलेल्या पाण्यावरून हिशोब निघाला की पाऊस सरासरी निम्म्यावर आला होता आणि सगळ्यात वाईट वर्षांत तर ७० टक्क्यांपर्यंत कमी. निम्मा पाऊस म्हणजे काय हे आम्हाला विचारा. एक साल माणूस उसनवारी करून काढते, दुसरं साल ढोरं विकून काढते, तिसऱ्याला घराला कुलूप लागते.

पण फक्त पावसावर ढकलून चालणार नाही. जंगल तोडून तोडून टेकड्या उघड्या पडल्या होत्या, माणसं वाढली होती, टिकाल आणि कालाकमुल या दोन मोठ्या सत्तांचं पिढ्यानपिढ्या वैर, त्यात लहान राज्यं भरडली गेली. आणि राजा स्वतःला काय म्हणवून घ्यायचा, तर मी देवांशी बोलतो, माझ्या पूजेनं पाऊस येतो, मका पिकतो. चांगल्या सालात हे खपून जाते. वाईट सालांमागून वाईट सालं आली आणि राजा अजून उंच मंदिर बांधायला माणसं मागतो, अजून एका शेजाऱ्यावर चाल करून जातो, तेव्हा लोकांनी काय करावं? ते उठून गेले. कोणी उत्तरेला, कोणी समुद्राकडे, कोणी तळ्याकाठी. कित्येक ठिकाणी तर राजवाडा रिकामा झाल्यावरही आजूबाजूचे शेतकरी आणखी काही पिढ्या तिथंच राहून मका पेरत राहिले. आपण इतिहास राजाच्या बाजूनं वाचतो म्हणून आपल्याला सगळं 'नष्ट' झालेलं दिसते. मला तरी त्यात शेतकऱ्याचा शहाणपणा दिसतो.

टिकालची अजून एक गोष्ट राहिली. तिथं राजवाड्याच्या आणि मंदिराच्या भिंतींना, पटांगणाला लाल रंग द्यायला हिंगूळ वापरायचे, त्यात पारा असतो. दरवर्षी पावसानं तो धुऊन तलावात. शेवटच्या काळातल्या गाळात पारा सापडला आणि घाण पाण्यात वाढणाऱ्या विषारी शेवाळाच्या खुणाही सापडल्या. म्हणजे आधीच कमी पाणी, आणि जे होतं ते राजाच्या दारासमोरचंच पिण्यालायक राहिलं नाही. आपल्या भंडारा-गोंदियाकडे गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनी बांधलेले तलाव आहेत, ज्यांना मामा म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतात. बांधले शेतकऱ्यांनीच, मालगुजारी गेल्यावर ते सरकारकडे आले आणि गाळ कोण काढणार हा प्रश्न कित्येक गावांत अजून तसाच पडून आहे. तुमच्या पुरवणीत एकाच पानावर टिकालचा बांध आणि नवेगावचा बांध असे शेजारी शेजारी छापले असते तर मी तो पेपर वाचनालयाच्या भिंतीला लावला असता.

आता मयासुराचं. हे मला नीट बोलायचं आहे कारण गावात पुष्कळ लोक हे मनापासून मानतात आणि त्यांना वाटते की असं म्हणण्यात आपल्या देशाचा मान आहे. महाभारतातला मयासुर आणि त्यानं पांडवांना बांधून दिलेली मयसभा, ती कथा आपली आहे, सुंदर आहे, तिला कोणी हात लावत नाही. पण आपले लोक खरंच तिकडे गेले असते, शहरं वसवली असती, तर सोबत काय नेलं असतं? माणूस गाव सोडून जाते तेव्हा गाठीला बियाणं बांधून नेते. तांदूळ नेला असता, तीळ नेला असता, गाय-बैल नेले असते, निदान लोखंडाचा विळा तरी. स्पॅनिश लोक पोचायच्या आधीच्या माया मातीत यातलं काही मिळत नाही. तांदूळ नाही, गहू नाही, गाय नाही, घोडा नाही. आणि उलटही पाहा, दोघांचं येणंजाणं असतं तर त्यांचा मका, त्यांची मिरची आपल्याकडे हजारो वर्षांपासून असायला पाहिजे होती. ती आली पोर्तुगीजांच्या जहाजांनंतर. त्याआधी आपल्या स्वयंपाकात तिखट म्हणजे मिरे होते. आज भिवापूरच्या मिरचीशिवाय आपलं पान हलत नाही, पण मिरचीचं मूळ गाव मेक्सिकोकडचं आहे.

आणि त्यांनी हे सगळं आपलं आपण उभं केलं ते जमिनीत पायरी पायरीनं दिसते. मका म्हणजे मुळात मेक्सिकोतलं तेओसिंते नावाचं एक रानगवत, बोटभर कणीस आणि दगडासारखे मोजके दाणे, त्यातून निवडून निवडून सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीपासून लोकांनी मका घडवला. मग गावं झाली. मग इसवी सनपूर्व १००० च्या सुमाराला मेक्सिकोच्या ताबास्को भागात आग्वादा फेनिक्स इथं मातीचा १.४ किलोमीटर लांबीचा प्रचंड ओटा उभा राहिला, हा २०२० साली जाहीर झाला, आणि गंमत म्हणजे तिथं राजाबिजाच्या खुणाच नाहीत, लोकांनी एकत्र येऊन बांधलेला दिसतो. मग एल मिरादोर शहरातलं ला दांता हे मंदिर, ७० मीटरच्या वर उंच. मग टिकाल. एकदम आकाशातून काही पडलेलं नाही.

तुम्हाला मयासुराच्या ऐवजी खरंखुरं नातं पाहिजे असेल तर ते आमच्या वावरात उभं आहे. आज विदर्भात जी कपाशी आहे, बीटी म्हणा की त्याआधीचे हायब्रीड म्हणा, ती बहुतेक सगळी हिरसुटम जातीची. जुने लोक तिला अमेरिकन कपाशी म्हणायचे आणि आपल्या देशी कपाशीपेक्षा वेगळी धरायचे. ही हिरसुटम मूळची मेक्सिको आणि युकातानकडची, तिथल्याच लोकांनी ती रानातून शेतात आणली. युकातानच्या समुद्रकाठी तिची रानटी झुडपं अजूनही उगवतात. माया बाया तिचं सूत काढायच्या, कमरेला पट्टा बांधून मागावर कापड विणायच्या, इशचेल ही त्यांची विणकामाची देवी. पुढे स्पॅनिश लोकांनी त्यांच्यावर कर बसवला तो या कापडाच्या ठाणांच्या रूपातच वसूल केला, आणि ग्वाटेमालातल्या बाया तसाच कमरेचा माग आजही चालवतात. पऱ्हाटीचं बोंड फुटलं की आमच्या बायांचे हात सोलून निघतात वेचताना, तेच बोंड तिकडच्या बायांनी दोन हजार वर्षांपूर्वी वेचलं. हे लेकरांना सांगा नं.

चिकूचंही तसंच. चिकू त्याच भागातला. टिकालच्या मंदिरांच्या दारावर जी कोरीव चौकटीची तुळई आहे ती चिकूच्या लाकडाची, बाराशे वर्षांच्या पाऊसपाण्यात टिकली. चिकूच्या खोडाला चीर दिली की जो पांढरा चीक येतो तोच घट्ट करून तिकडचे लोक चघळायचे, च्युइंगम त्यातूनच आलं.

पुरवणीत पालेंके या माया शहरातल्या कबरीच्या त्या दगडी झाकणाचा फोटो होता आणि खाली 'रॉकेट चालवणारा माणूस'. त्या झाकणाखाली पाकाल नावाचा राजा होता, १२ वर्षांचा असताना ६१५ साली गादीवर बसला आणि ६८३ साली ८० व्या वर्षी वारला. १९५२ मधे आल्बेर्तो रूस या मेक्सिकन पुरातत्त्व अभ्यासकानं मंदिराच्या पोटातला दगडगोटे भरून बुजवलेला जिना वर्षानुवर्षं उपसून ही कबर शोधली. झाकणावर पाकाल आहे, त्याच्यामागे विश्वाचं झाड आहे, खाली पाताळाचा जबडा आहे, माणूस मरून मक्याच्या देवासारखा परत उगवतो हा त्याचा अर्थ. जन्माची आणि मृत्यूची तारीख तिथंच कोरलेली आहे. आणि शवपेटीच्या बाजू कोणी दाखवत नाही. त्या बाजूंवर पाकालचे मायबाप, आजी, पणजोबा जमिनीतून वर येताना कोरले आहेत, प्रत्येकाच्या मागे एकेक फळझाड, कोकोचं, चिकूचं, पेरूचं म्हणजे आमच्या जांबाचं. पूर्वज म्हणजे आमराई, असं त्यांनी राजाच्या कबरीवर लिहून ठेवलं. याच्यात रॉकेट कुठून आणता हो?

गणिताचं मी लेकरांना वाचनालयाच्या ओसरीवर करून दाखवलं, त्यात काही कठीण नाही. तुरीचा एक दाणा म्हणजे १, आगपेटीची एक काडी म्हणजे ५, आणि शून्याला शिंपल्याचं चित्र होतं म्हणून आम्ही कवडी घेतली. आपण दहाच्या पटीत मोजतो, ते विसाच्या पटीत, हातापायाची बोटं मिळून. आणि घरं आडवी नाहीत, खालून वर. आता २६० लिहायचे तर वरच्या घरात दोन काड्या तीन दाणे, म्हणजे १३ वेळा वीस, आणि खालच्या घरात कवडी. ३६५ लिहायचे तर वर तीन काड्या तीन दाणे, खाली एक काडी. एक आठवीतली पोरगी मिनिटभर पाहत राहिली आणि म्हणे, मावशी, कवडी काढली तर हे नुसते तेराच राहतील. बस, तिला शून्य समजलं. शून्य आपल्याकडेही शोधलं गेलं आणि त्यांनीही आपल्या जागी स्वतंत्र शोधलं, दोघांचाही मान ठेवायला काय हरकत आहे?

हे २६० आणि ३६५ मी मुद्दाम घेतले. २६० दिवसांचं एक पंचांग आणि ३६५ दिवसांचं दुसरं, अठरा महिने वीस वीस दिवसांचे आणि वर पाच दिवस, दोन्ही सोबत फिरायची आणि ५२ वर्षांनी पुन्हा एका जागी यायची. ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात २६० दिवसांचा हा हिशोब ठेवणारे जाणते आजही आहेत, लोक त्यांना पेरणीचा, लग्नाचा दिवस विचारायला जातात. शुक्राचा ५८४ दिवसांचा फेरा आणि ग्रहणांचे तक्ते त्यांच्या एका पोथीत आहेत, ती आज जर्मनीत ड्रेसडेनला आहे. २०१२ च्या जगबुडीबद्दल एवढंच, की त्यांच्या लांब मोजणीतलं, म्हणजे दिवस सलग मोजत जायच्या हिशोबातलं, एक मोठं चक्र २१ डिसेंबर २०१२ च्या सुमाराला भरलं आणि पुढचं सुरू झालं. पालेंकेच्याच एका शिलालेखात इसवी सन ४७७२ मधल्या एका तारखेचा उल्लेख आहे. त्यांना जग बुडणार वाटत असतं तर त्यांनी ४७७२ कशाला लिहिलं असतं. तेव्हा टीव्हीवाल्यांनी आमच्या गावातल्या म्हाताऱ्या बायांची झोप उडवली होती, आता तीच भीती पुन्हा छापू नका.

आणि 'कुठून आले कुठे गेले माहीत नाही' असं का वाटते त्याचं कारण लेखात यायला पाहिजे होतं. १२ जुलै १५६२ ला युकातानमधल्या मानी गावात दिएगो दे लांदा नावाच्या पाद्र्यानं माया पोथ्यांची होळी केली. त्यानं स्वतःच लिहून ठेवलं आहे की यात सैतानाच्या खोट्या गोष्टी होत्या म्हणून आम्ही त्या जाळल्या आणि लोकांना त्याचं अतोनात दुःख झालं. आज सगळ्या जगात माया पोथ्या शिल्लक आहेत चार. फक्त चार. मी वाचनालयात बसणारी बाई आहे, आमच्याकडे पावसाचं पाणी शिरून पुस्तकांचं एक कपाट खराब झालं तर मला जेवण गेलं नव्हतं, एका पूर्ण समाजाची पुस्तकं चौकात जळताना ज्यांनी पाहिली त्यांचं काय झालं असेल याचा मी विचारच करू शकत नाही. मग हळूहळू ती लिपी वाचणारं कोणी उरलंच नाही. त्याच लांदानं अर्धवट समजून लिहून ठेवलेली अक्षरांची यादी धरून १९५२ साली युरी क्नोरोझोव्ह या रशियन माणसानं दाखवलं की ही चित्रं नाहीत, यात उच्चार लिहिलेले आहेत. १९६० मधे तात्याना प्रोस्कुर्याकोव्ह या बाईंनी पिएद्रास नेग्रास या माया शहरातल्या खांबांवरच्या तारखा मांडून सिद्ध केलं की हे राजांचे जन्म, राज्याभिषेक, लढाया आहेत. आज बराचसा मजकूर वाचता येतो. म्हणजे गूढ उरलेलं नाही साहेब, लिहिलेला इतिहास आहे, नावानिशी, तारखेनिशी.

त्या नावांत एक बाई आहे, तिची मला फार ओढ वाटते. वाक चानिल आहाव. ६८२ साली दोस पिलास शहरातून नारांहोला आली, तिचा मुलगा पाच वर्षांचा असताना ६९३ ला गादीवर बसला आणि कारभार तिनं केला. युद्धं केली, कैद्यांवर उभी असलेली तिची शिल्पं आहेत. आपल्याकडे तिच्या पावणेतीनशे वर्षं आधी रामटेकजवळच्या नंदिवर्धनात वाकाटकांची प्रभावतीगुप्ता लहान मुलांच्या नावानं राज्य चालवत होती. आमच्या पोरींना दोघींची नावं माहीत नाहीत.

माया लोक काही देवमाणसं नव्हते हेही सांगते. राजे लढायचे, हरलेल्याचा बळी द्यायचे, बोनाम्पाकच्या भिंतीवर ७९० च्या सुमाराची चित्रं आहेत त्यात कैद्यांच्या बोटांतून रक्त गळताना दिसते. ते लपवायचं कारण नाही. पण तेवढंच मोठ्ठं करून दाखवायचं आणि मका, पाणी, लिपी, कापड बाजूला ठेवायचं हेही बरोबर नाही.

आणि अजून नवीन निघतच आहे. २०१८ साली ग्वाटेमालाच्या जंगलावर विमानातून लेझरचे किरण सोडून, त्याला लायडार म्हणतात, झाडांच्या खालची जमीन मोजली तर २१०० चौरस किलोमीटरमधे ६०,००० च्या वर बांधकामं दिसली, घरं, रस्ते, कालवे, शेताच्या पायऱ्या, पाणथळात काढलेली वावरं. आधी जिथं तुरळक वस्ती समजायचे तिथं गच्च शेती होती.

माझी विनंती दोन गोष्टींची आहे. एक म्हणजे 'गायब झाले' हे चुकीचं होतं अशी चार ओळींची का होईना दुरुस्ती छापा, आणि ती आतल्या पानावर बारीक अक्षरात नको, पुरवणीतच द्या म्हणजे जी लेकरं तो लेख वाचून गेली त्यांच्या नजरेला पडेल. दुसरी म्हणजे यावर एक चांगली लेखमाला चालवा, आपल्या विद्यापीठांत पुरातत्त्व शिकवणारी माणसं आहेत, जलसंधारणात आयुष्य घातलेली माणसं आहेत, त्यांना एकत्र बसवून टिकालच्या आणि आपल्या तलावांवर लिहायला सांगा, नकाशे द्या, बांधाचे आडवे छेद काढून दाखवा. कोणा वाचकाकडे माया इतिहासावर मराठीत नीट लिहिलेलं पुस्तक असेल तर त्यांनी ते पेपरच्या पत्त्यावर पाठवावं, आमचं वाचनालय पोस्टाच्या खर्चासह विकत घेईल.

आपली,
एक वाचक आणि वाचनालय सेविका,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ